हात कुठे आणि किती वेळ : बाल जिम्नॅस्टिक्स वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१७ जून २०२४, सोमवार

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेच्या सभागृहात आजपासून बाल जिम्नॅस्टिक्सचा वर्ग सुरू झाला. आठवड्यातून तीन दिवस, सायंकाळी साडेचार ते सहा अशी वेळ ठरली आहे. ६ ते ११ वर्षे वयाची २२ मुले आली असून त्यांत १३ मुली आहेत. वर्गात काय शिकवले, कुठे चुकले आणि आधार देताना माझा हात नेमका कुठे होता, हे मी या वहीत लिहिणार आहे. मुलांची नावे मात्र लिहिणार नाही, कारण ही वही पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाईल आणि एखाद्या मुलाची भीती किंवा दुखापत नावानिशी नोंदवून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आज बहुतेक वेळ जमीन आणि मॅट पाहण्यात गेला. सभागृहाची जमीन शहाबादी फरशीची आहे. आपल्याकडे ६ फूट बाय ४ फुटांच्या, २ इंच जाडीच्या ८ मॅट आहेत आणि एक जाड क्रॅश मॅट आहे. आठही मॅट एकमेकींना भिडवून अंथरल्या, तरी मुले पाच मिनिटे धावल्यावर त्यांच्यात चार बोटे फट पडली. अशा फटीत पायाची बोटे अडकली की घोटा मुरगळतो, म्हणून कडांना वेल्क्रोच्या पट्ट्या शिवायला गावातल्या शिंप्याकडे दिल्या आहेत आणि त्या येईपर्यंत मॅटवर धावणे बंद ठेवले आहे. क्रॅश मॅट पाहून मुलांना फार आनंद झाला. तीवर डोके खाली घालून सूर मारण्याचा दोघांनी प्रयत्नही केला. जाड मॅट पायांवर उतरणाऱ्याला सांभाळते, डोक्यावर पडणाऱ्याच्या मानेला सांभाळत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले.

याच सभागृहात सकाळी मल्लखांबाचा सराव असतो. त्या मुलांच्या अंगाला लागलेले एरंडेल जमिनीवर उतरते आणि मग आमच्या मॅटवर पसरते. मल्लखांबाच्या सरांशी बोलले. मॅटची जागा आम्ही खांबापासून दूर, खिडकीच्या बाजूला घ्यायची आणि वर्गाआधी फरशी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करायची, असे ठरले.

२० जून २०२४, गुरुवार

पालकांची सभा झाली. मला ही सभा वर्गाइतकीच महत्त्वाची वाटत होती, कारण जिम्नॅस्टिक्स शिकवताना मुलाच्या शरीराला हात लावावाच लागतो आणि तो का, कुठे व कसा लागणार हे पालकांना आणि मुलांना आधी ठाऊक असले पाहिजे. मी एका मदतनीस मुलीला समोर उभी करून प्रत्येक आधार दाखवला : कोलांटीत डोक्याच्या मागे आणि मांडीच्या मागच्या बाजूला, हातांवर उभे राहताना मांडीला, कार्टव्हीलमध्ये, म्हणजे हात टेकून चाकासारखे बाजूला फिरताना, कमरेच्या दोन्ही बाजूंना. हात लावण्यापूर्वी मुलाला तोंडाने सांगितले जाईल, मुलाने नको म्हटले तर तो प्रकार त्या दिवशी होणार नाही, सभागृहाचे दार उघडे राहील आणि मी एकटी असताना वर्ग भरणार नाही, हे चार नियम फळ्यावर लिहिले. लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा सर्वांनी ऐकलेला असतो, पण रोजच्या वर्गात आपण काय करायचे हे तो आपल्यासाठी लिहून देत नाही. ते प्रत्येक प्रशिक्षकाने स्वतः बसवायचे असते.

एका आईने विचारले, "बाये, माझ्या चेडवाक खय लागतला तर नाय मां?" (माझ्या मुलीला कुठे लागणार तर नाही ना?) कधीच लागणार नाही असे मी म्हटले नाही. गुडघे खरचटतील, कधी मनगट दुखेल; मान, डोके आणि पाठ यांना धक्का लागू नये यासाठी मी काय काय करणार आहे ते सांगितले. उत्तर ऐकून ती बाई काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने अर्जावर सही केली.

आरोग्याच्या माहितीचे अर्ज वाचताना एका मुलाला डाउन सिंड्रोम असल्याचे कळले. अशा काही मुलांमध्ये मानेचे वरचे दोन मणके एकमेकांशी सैल असतात आणि मान जोराने वाकली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांचे लेखी मत येईपर्यंत तो कोलांटी किंवा डोके खाली जाणारा कोणताही प्रकार करणार नाही. तो तोल, उड्या, लोळण आणि चेंडूचे व्यायाम सर्वांबरोबर करील. त्याच्या वडिलांना मी हे वेगळे बोलावून सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकले.

२६ जून २०२४, बुधवार

कोलांटी कधी, असे मुले रोज विचारतात. आधी पडायला आणि उतरायला शिकायचे, हे माझे उत्तर त्यांना फारसे रुचत नाही, पण या क्रमात मी बदल करणार नाही.

एका मॅटच्या उंचीवरून, मग दोन मॅटच्या उंचीवरून, दोन्ही पायांवर उतरण्याचा सराव घेतला. पावले कमरेइतक्या अंतरावर, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या दिशेने, हात समोर, नजर समोर. लाल रिबीन बांधणारी दुसरीतली मुलगी उतरताना दोन्ही गुडघे आत, एकमेकांकडे टेकवते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून पाहिले. पाय टेकल्याच्या क्षणी तिचे तळवे आतल्या बाजूला कलतात आणि गुडघे त्यांच्यामागे जातात. तिला शब्दांनी सांगून काही उपयोग झाला नाही. मग दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला माझे तळहात दोन बोटांच्या अंतरावर धरले आणि "उतरताना गुडघ्यांनी माझ्या हातांना शिव" असे सांगितले. चौथ्या उडीला तिने शिवले. सातव्या उडीला मी हात काढून घेतले, तरी गुडघे बाहेरच राहिले.

आवाज ही उत्तम कसोटी आहे. नीट वाकलेल्या गुडघ्यांवर उतरणारे मूल जवळजवळ आवाज करत नाही. ताठ पायांवर उतरणाऱ्याचा धप्प असा आवाज फरशीपर्यंत ऐकू येतो. डोळे मिटून ऐकले तरी कोण कसे उतरले ते कळते.

मागे पडण्याचा सराव अधिक वेळ घेतला. घाबरलेले मूल मागे पडताना हात मागे टेकवते, कोपर ताठ राहते आणि सगळे वजन त्या एका हातावर येते. लहान मुलांचे कोपराच्या वरचे हाड मोडते ते बहुधा असेच. त्यामुळे हनुवटी छातीला, हात छातीवर घट्ट, पाठ गोल, असे बसत बसत मागे लोळायचे हे वीस-वीस वेळा करून घेतले. मुलांनी या प्रकाराला 'फणस पडलो' असे नाव दिले असून ते आता वर्गात रूढ झाले आहे.

५ जुलै २०२४, शुक्रवार

पावसामुळे दोन मॅट ओलसर झाल्या. वीज नव्हती. अंधुक उजेडात मुलांना उलटे करणे मला मान्य नाही, म्हणून आज फक्त शरीराचे आकार घेतले. पाठीवर झोपून खांदे आणि पाय थोडे उचलायचे व कंबर जमिनीला चिकटवून ठेवायची, हा पोकळ आकार पुढे हातांवर उभे राहण्यापासून मागच्या उडीपर्यंत सगळीकडे लागतो. इथल्या मुलांना तो समजावून सांगावा लागला नाही. "होडी करा" म्हटले की पुरे. ज्याच्या घरी होडी आहे त्या चौथीतल्या मुलाने तर मध्ये पाणी शिरले, म्हणजे कंबर उचलली गेली, की होडी बुडते असे इतरांना सांगितले. मी त्याचेच शब्द यापुढे वापरणार आहे.

मॅट उभ्या करून पंख्याखाली वाळवायच्या, एकीवर एक रचून ठेवायच्या नाहीत. ओला फोम आतून कुजतो आणि वरून ठीक दिसतो.

१२ जुलै २०२४, शुक्रवार

पुढची कोलांटी सुरू केली. सुताराकडून ५ फूट लांबीची, एका टोकाला दीड फूट उंच अशी प्लायवूडची उतरण करून घेतली आहे आणि तिच्यावर मॅट बांधली आहे. उतारावर मुलाला जोर कमी लागतो, त्यामुळे ते डोक्याने ढकलत नाही.

उकिडवे बसून तळहात खांद्याइतक्या अंतरावर टेकायचे, हनुवटी छातीला लावायची, कंबर डोक्याच्या वर न्यायची आणि पायांनी ढकलायचे. मॅटला टेकतो तो पाठीचा वरचा भाग, खांद्याच्या फऱ्यांकडचा. डोक्याचा मागचा भाग फार तर शिवून जातो, टाळू तर टेकताच कामा नये. मी मुलाच्या बाजूला एका गुडघ्यावर बसते. एक तळहात डोक्याच्या मागे असतो, तो दाबत नाही, फक्त डोके आत राहील एवढी आठवण देतो. दुसरा हात मांडीच्या मागे असतो आणि खरे काम तोच करतो, कारण कंबर वर गेली की मानेवरचे वजन आपोआप हलके होते. नवे प्रशिक्षक डोक्यावरचा हात जोराने दाबतात; मीही पूर्वी असे केले आहे, आणि त्याने मूल आणखी ताठ होते.

दुकानदाराच्या मुलाची हनुवटी प्रत्येक वेळी सुटते. त्याच्या हनुवटीखाली घडी घातलेला हातरुमाल ठेवला आणि तो पडू द्यायचा नाही असे सांगितले. रुमाल तीनदा पडला, चौथ्यांदा कोलांटी होऊन तो उठून उभा राहिला तरी रुमाल तिथेच होता. तो इतका आनंदला की पुढची कोलांटी रुमालाशिवाय, हनुवटी वर करूनच केली. उद्या पुन्हा रुमाल.

१९ जुलै २०२४, शुक्रवार

आज मुलांना सुट्टी देऊन फक्त दोन मदतनीस मुलींचे प्रशिक्षण घेतले. दोघीही बारावीत आहेत, मल्लखांब खेळलेल्या आहेत, अंगाने बळकट आहेत, आणि नेमकी याचीच मला काळजी होती, कारण बळकट माणूस मुलाला उचलू पाहतो.

मी स्वतः शिकत असताना एका शिबिरात मागच्या उडीच्या वेळी आधार देणाऱ्यांनी माझा दंड धरून ओढला होता. शरीर फिरत होते आणि हात अडकला होता. खांदा चार महिने दुखत राहिला. त्यांचा हेतू मला वाचवण्याचाच होता. तेव्हापासून मी फिरणाऱ्या शरीराचा हात किंवा पाऊल कधी पकडत नाही. शरीराचा जड भाग म्हणजे कंबर आणि मांड्या. आधार तिथे द्यायचा, कारण तिथला आधार सगळ्या शरीराला मिळतो. पाऊल धरले तर मूल मध्येच मोडते आणि आपल्या हातात नुसते पाऊल राहते.

दोघींकडून पुढील गोष्टी वारंवार करून घेतल्या. दूर उभे राहून हात लांब करायचे नाहीत, मुलाच्या अगदी जवळ जायचे, कारण लांबवलेल्या हातात जोर नसतो. पाठ सरळ, गुडघे वाकलेले. बोटे एकत्र, अंगठा बोटांना लागून, म्हणजे अंगठा मुरगळत नाही. आणि मूल दोन पायांवर स्थिर उभे राहीपर्यंत नजर हलवायची नाही, मग मागून कोणी कितीही हाका मारोत. एकीच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, त्या काढून ठेवायला सांगितल्या. मुलांचीही तपासणी सुरू केली : पैंजण, कानातले डूल, गळ्यातला गोफ काढायचा, करगोटा काढायला घरचे तयार नसतील तर तो घट्ट बसणाऱ्या चड्डीच्या आत गेला पाहिजे.

एका वेळी एका मदतनिसाकडे एकच मूल. बाकीची रांगेत बसलेली असतील, उभी नाहीत.

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

काल रात्री पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने सर्वांगीण स्पर्धेचे, म्हणजे सर्व उपकरणांवरच्या एकत्रित गुणांचे, सुवर्णपदक मिळवले आणि आज मुलांच्या तोंडी तोच विषय होता. मी त्यांना २०२१ मधली टोकियोची गोष्ट सांगितली. हवेत असताना आपले शरीर कुठे आहे हे तिला कळेनासे झाले होते आणि ती सांघिक अंतिम फेरीतून बाजूला झाली. जगातली सर्वांत पुढची खेळाडू "आज नको" म्हणू शकते, तर आपणही म्हणू शकतो, एवढेच मला त्यांना सांगायचे होते.

हे सांगण्याला कारण होते. सहावीतली एक उंच मुलगी मागची कोलांटी आठवडाभर टाळते आहे. कधी पोट दुखते, कधी पाणी प्यायला जाते. आज ती प्रथमच म्हणाली, "बाई, मागे काय आहे ते मला दिसत नाही." भीतीचे इतके नेमके वर्णन मी मोठ्यांकडूनही ऐकलेले नाही. तिला उतरणीवर बसवले, तळहात कानांशी, अंगठे कानांकडे, आणि फक्त मागे लोळून परत यायचे, पूर्ण फिरायचे नाही असे ठरवले. असे दहा वेळा झाल्यावर तिनेच पुढे जायचे आहे असे सांगितले. मी बाजूला गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तिची कंबर धरली आणि ती डोक्यावरून जाण्याच्या क्षणी वर उचलली. मागच्या कोलांटीत हे उचलणे टाळता येत नाही. मुलाच्या हातांत ढकलण्याची ताकद नसेल तर सगळे वजन मानेवर येते. ती गुडघ्यांवर उतरली, पावलांवर नाही, पण आज मी ती चूक दुरुस्त केली नाही.

१९ ऑगस्ट २०२४, सोमवार

नारळी पौर्णिमा, वर्गाला सुट्टी. काही पालक पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूत, सराव घ्या असे सुचवत आहेत, म्हणून आज नारळ वाहायला गेले तेव्हा वाळू नीट पाहून आले. पाण्याजवळची ओली वाळू दाबून घट्ट आणि कठीण झालेली असते. वरची कोरडी वाळू मऊ आहे, परंतु पाऊल एका बाजूला खोल जाते आणि घोटा कलंडतो. शिवाय हाताने दोन वितभर जागा चाळली तर शिंपले, बाटलीची काच आणि मासेमारीचा एक गंजलेला गळ मिळाला. धावणे आणि खेळ यांसाठी वाळू चांगली आहे. उड्या आणि हातांवरचे प्रकार सभागृहातच होतील.

२३ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

आज अपघात झाला, आणि तो मुलाला नाही, मदतनिसाला झाला.

हातांवर उभे राहण्याचा सराव दोन आठवडे चालू आहे. सुरुवात भिंतीपासून केली होती : पोट भिंतीकडे ठेवून पावले भिंतीवर चढवत न्यायची, होडीचा आकार ठेवायचा आणि तसेच उतरायचे. त्याबरोबर निसटायचे कसे हेही शिकवले. तोल पाठीकडे गेला तर एक हात उचलून शरीर बाजूला वळवायचे आणि पावलांवर यायचे. हे ज्यांना जमले त्यांनाच आज मोकळ्या जागेत पाय उडवायला दिला. लाल रिबीनवाली मुलगी पाय उडवत असताना मदतनीस बाजूला उभी राहण्याऐवजी कुतूहलाने समोर आली आणि वर येणारी टाच तिच्या हनुवटीवर बसली. ओठ दातात येऊन फाटला. बर्फ लावला, दात शाबूत आहेत याची खात्री केली, नंतर तिच्या घरी जाऊन आईवडिलांना झालेला प्रकार सांगितला.

वर्गानंतर दोघींना घेऊन प्रत्येक हालचाल संथपणे पाहिली. आधार देणाऱ्याने मुलाच्या बाजूला, तळहात टेकतील त्या रेषेच्या किंचित पुढे उभे राहायचे आणि आधी वर येणाऱ्या पायाची मांडी पकडायची, मग दुसरा हात दुसऱ्या मांडीवर. चूक तिची नव्हती. उभे राहण्याची जागा मी तोंडाने सांगितली होती, जमिनीवर दाखवली नव्हती. आता मॅटवर रंगीत चिकटपट्टीने मुलाच्या हातांची आणि मदतनिसाच्या पावलांची जागा आखली आहे.

तिने सोमवारी येणार असे सांगितले. पोर चिवट आहे.

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार

गणपतीची सुट्टी, मुंबईकर पाहुणे, आरत्या, भजने यांत जवळजवळ तीन आठवडे गेले. मुले आनंदात आहेत आणि अशक्तही झाली आहेत. ऑगस्टअखेर ज्या १२ मुलांना हातांवर तीन मोजेपर्यंत उभे राहता येत होते त्यांपैकी आज ५ जणांनाच जमले. आधीच्या पायरीवर परत जायचे आहे. पालकांना हे पाऊल मागे गेल्यासारखे वाटेल, पण सुट्टीनंतरचा पहिला आठवडा हाच घाईचा आणि म्हणून धोक्याचा असतो.

होडीवाल्याच्या मुलाचे मनगट दुखते आहे. पाहुण्यांना दाखवण्यासाठी तो रोज अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर दोन-दोन तास कार्टव्हील करत होता, असे त्याच्या आजीने सांगितले. वाढत्या वयात मनगटाच्या लांब हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. हात हे पाय असल्यासारखे वापरले की तिच्यावर पुन्हा पुन्हा दाब येतो. वर वर सूज दिसत नाही म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. मी त्याचे मनगट मागे वाकवून पाहिले नाही, चोळलेही नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले आणि त्यांचा होकार येईपर्यंत हातांवर वजन पूर्ण बंद केले. तो रडला. त्याला उतरण्याच्या सरावाचा प्रमुख नेमले आहे; कोणाच्या उडीचा आवाज आला हे तोच सांगतो.

८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिने काल निवृत्ती जाहीर केली. वर्गात मोठ्या मुलांना तिच्याबद्दल सांगितले : त्रिपुरातली आगरतळ्याची मुलगी, तळवे सपाट असल्यामुळे उडी आणि उतरणे दोन्ही अवघड, तरी प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली तयार झाली, २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) या प्रकाराच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह चौथी, कांस्यापासून ०.१५० गुण दूर. मुलांना आवडली ती सपाट तळव्यांची गोष्ट. तिघांनी लगेच पाय ओले करून फरशीवर ठसे उमटवून पाहिले.

आज कार्टव्हील. यात आधार देणाऱ्याने मुलाच्या पाठीमागे उभे राहायचे, पोटाकडे कधीच नाही, नाहीतर पाय तोंडावर येतात. कमरेला दोन्ही बाजूंनी धरताना हातांची आधी कैची करायची. मूल उलटे झाले की ती कैची आपोआप सुटते, आणि आपण मुलाबरोबर बाजूला चालत जायचे. कैची न करता धरले तर हात मध्येच अडकतात आणि मुलाला अर्ध्यावर सोडावे लागते. मदतनिसांनी हे आधी एकमेकींवर केले.

आजचे खरे निरीक्षण वेगळे आहे. सहावीतली उंच मुलगी कार्टव्हील पूर्ण करते, पण माझे हात कमरेला असतील तरच. मी पाहिले तर माझ्या हातांवर काहीच वजन येत नव्हते. म्हणजे तिच्या शरीराला आधार लागत नाही, मनाला लागतो, आणि गरज संपल्यावरही मी तो देत राहिले यात दोष माझा आहे. यापुढे पायऱ्या अशा : दोन हात कमरेला, मग एक हात, मग दोन बोटे, मग हात कमरेपासून वितभर दूर, न शिवता, मग नुसते शेजारी उभे राहणे. प्रत्येक पायरी तिला आधी सांगायची. न सांगता हात काढून घेतला आणि "बघ, तू एकटीने केलेस" असे म्हटले तर ते मोठ्यांना गमतीचे वाटते, पण मूल पुढच्या वेळी आपल्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. सायकल शिकवतानाची ती युक्ती इथे वापरणार नाही.

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

हे काम जूनमध्येच व्हायला हवे होते. मानेला मार बसला तर काय करायचे याचा आज सर्वांसह सराव केला. पडलेल्या मुलाला उठवायचे नाही, बसवायचे नाही, पाणी पाजायचे नाही, डोके हलवायचे नाही. एकीने डोके दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरून बोलत राहायचे, दुसरीने १०८ ला फोन करायचा, तिसऱ्या व्यक्तीने मुलांना बाहेर पडवीत नेऊन बसवायचे. शिपाईमामांनी फाटक उघडून रस्त्यावर उभे राहायचे, कारण शाळेचे वळण माडांमुळे दिसत नाही आणि गाडी पुढे निघून जाते. सभागृहात मोबाइलला रेंज नाही, हे या सरावातच लक्षात आले. फोन पायरीवर जाऊन करावा लागतो. पत्ता आणि खूण मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावले.

मुलांनी सराव गंभीरपणे केला. पडण्याचे सोंग करणारा मुलगा बारा मिनिटे खरोखर हलला नाही.

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी आणि नंतर विधानसभेचे मतदान यांमुळे सभागृह मिळत नव्हते. बुधवारी इथेच मतदान केंद्र होते. आज ताबा मिळाल्यावर मॅट अंथरण्याआधी फरशी पाहिली तर टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि लाखेचे थेंब पडलेले होते. दोनदा झाडून झाल्यावर होडीवाल्याच्या मुलाने घरून आणलेला चुंबक दोरीला बांधून फिरवला, त्याला आणखी नऊ पिना चिकटल्या. त्याचे मनगट आता दुखत नाही. डॉक्टरांनी आठवड्याला थोडे थोडे वाढवायला परवानगी दिली आहे, म्हणून आज भिंतीशी दहा सेकंद, एवढेच.

दोन पालक भेटायला आले होते. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात मुलांनी मागची हँडस्प्रिंग, म्हणजे मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येणे, करून दाखवावी अशी त्यांची इच्छा आहे. मी नम्रपणे नकार दिला. त्यासाठी खांदे, कंबर आणि पाय यांची जी ताकद लागते ती या मुलांत अजून आलेली नाही, आणि माझ्या हातांनी उचलून फिरवलेली उडी ही त्यांची उडी नसते. पाठ मागे वाकवण्याचे प्रकार कोवळ्या वयात वारंवार केले तर कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते, हेही सांगितले. संमेलनात कोलांट्या, होड्या, भिंतीविना हातांवर उभे राहणे आणि कार्टव्हीलची साखळी होईल. एका पालकांचे समाधान झाले नाही.

वर्गाच्या शेवटी उंच मुलगी चिकटपट्टीच्या रेषेवर उभी राहिली. मदतनीस तिच्या पाठीमागे गेली आणि नेहमीप्रमाणे विचारले, "हात लावू?" तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "नको. पण तू इथेच उभी राहा." मदतनीस दोन्ही हात पुढे धरून, न शिवता, तिच्याबरोबर बाजूला चालत गेली. कार्टव्हील वाकडे झाले, डावा गुडघा वाकला, उतरताना एक पाऊल रेषेबाहेर गेले, पण आवाज आला नाही.

सोमवारची तयारी : बीमची, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या अरुंद फळीची, ओळख. खरा बीम ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो. आपण जमिनीवर १० सेंटिमीटर रुंदीची पट्टी खडूने आखून सुरुवात करायची. मापाची फळी सुताराकडून रविवारी आणायची आहे. क्रॅश मॅटच्या डाव्या कोपऱ्याची शिवण उसवली आहे, ती त्याआधी शिंप्याकडे द्यावी.